टॅरँटुला पाळताय? निदान डॉक्टरांपासून तरी लपवू नका

"डॉक्टर, हा कोळी चावला तर माणूस मरतो का?" अलीकडे हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे ज्यांच्या मुलाने मोबाईलवर निळ्याशार टॅरँटुलाचा व्हिडिओ पाहून "मला हाच पाळायचाय" असा हट्ट धरला आहे, ते आईवडील. दुसरे म्हणजे ज्यांच्या खोलीत तो आधीच येऊन बसलेला असतो, पण "माझ्या एका मित्राकडे आहे" असं सांगतात, ते तरुण. पहिल्यांची भीती वाजवीपेक्षा जास्त असते आणि दुसऱ्यांची वाजवीपेक्षा कमी.

दोघांनाही माझं उत्तर एकच असतं: सहसा मरत नाही. पण "मरत नाही" याचा अर्थ "काहीच होत नाही" असा नव्हे. या दोन टोकांच्या मधे जे आहे ते आज समजावून सांगतो, आणि त्याबद्दलचं माझं मतही.

झाडावरचा टॅरँटुला म्हणजे कोणता?

टॅरँटुला हे कुठल्या एका कोळ्याचं नाव नाही. मोठ्या, केसाळ कोळ्यांचं ते एक अख्खं कुटुंब आहे आणि त्यात हजाराहून जास्त जाती आहेत. त्यातल्या बऱ्याचशा जमिनीत बिळं करून राहतात. काही मात्र झाडाच्या ढोलीत किंवा सुटलेल्या सालीमागे राहतात. रंग आणि नक्षी यांमुळे पाळणाऱ्यांमध्ये या झाडावरच्या जातींना मोठी मागणी असते.

दक्षिण अमेरिका, कॅरिबियन बेटं, पश्चिम आफ्रिका इथे असे कोळी आहेत. पण त्यातला सर्वांत देखणा गट आपल्याच भागातला आहे. त्याचं शास्त्रीय नाव पोसिलोथेरिया. हे कोळी निसर्गात फक्त भारत आणि श्रीलंका या दोनच देशांत सापडतात. आपल्या पश्चिम घाटातही ते आहेत. पाय पसरले की मोठ्या माणसाच्या तळहाताएवढे होतात, काही जाती त्याहूनही मोठ्या. श्रीलंकेत सिंहली लोक त्यांना जे नाव देतात त्याचा अर्थ "बिबट्या कोळी". अंगावरची नक्षी पाहिली आणि त्याची झडप पाहिली की ते नाव पटतं.

यातल्या निळ्या जातीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुरारराव घोरपड्यांमुळे गुत्ती हे नाव मराठी वाचकांना ठाऊक असेल. आंध्र प्रदेशातल्या त्या गुत्तीला, रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत एक निळा कोळी सापडला आणि १८९९ साली पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढची शंभर वर्षं तो कोणालाच दिसला नाही, कारण तो मुळात गुत्तीचा नव्हताच. बहुधा लाकडाबरोबर रेल्वेने तिथे आला होता. २००१ साली तो नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात पुन्हा सापडला. ते जंगल शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही कमी. २००८ साली निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेने, म्हणजे आययूसीएनने, त्याची नोंद "अतिसंकटग्रस्त" अशी केली. आणि एवढ्याशा जंगलातला हा कोळी आज युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या काचपेट्यांत सर्रास वाढतो आहे. या विसंगतीकडे मी पुढे येणारच आहे.

चावला तर नेमकं काय होतं?

आधी एक फरक लक्षात घ्या. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरँटुलांच्या पोटावर खाजकुइलीसारखे बारीक, काटेरी केस असतात. जमिनीवरच्या जाती ते पायाने उडवतात. झाडावरच्या काही जाती ते अंगाला घासून टोचतात. कातडीला लागले तर खाज आणि पुरळ येतं, पण डोळ्यात गेले तर प्रकरण गंभीर होतं. आपल्याकडच्या पोसिलोथेरियाला हे केस नसतात. त्याच्याकडे बचावाचे दोनच मार्ग: विजेच्या वेगाने पळणं आणि ते जमलं नाही तर चावणं. म्हणून चाव्याच्या बाबतीत तो दक्षिण अमेरिकेतल्या अनेक संथ टॅरँटुलांपेक्षा जास्त त्रासदायक ठरतो.

विष काम कसं करतं? आपल्या नसांवर आणि स्नायूंवर क्षारांची ये-जा नियंत्रित करणारी सूक्ष्म दारं असतात. कोळ्याच्या विषातली प्रथिनं या दारांना चिकटतात आणि ती नको तेव्हा उघडतात किंवा बंद करतात. ट्रिनिदादमधल्या झाडांवर राहणाऱ्या एका टॅरँटुलाचं विष संशोधकांनी तपासलं, तेव्हा असं दिसलं की मिरचीचा तिखटपणा शरीरात ज्या दारातून जाणवतो, नेमकं तेच दार हे विष उघडतं. थोडक्यात, चाव्याची आग ही नुसती उपमा नाही. मेंदूला खरोखरच "भाजतंय" असा निरोप जातो.

पोसिलोथेरियाच्या चाव्यात दुखणं, लाली आणि सूज तर लगेच येतेच. पण डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचं वाटतं ते नंतर येणारं लक्षण. २०१४ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी "टॉक्सिकॉन" या विषशास्त्राच्या नियतकालिकात अशा चाव्यांचा आढावा घेतला. त्यात निम्म्याहून अधिक जणांना स्नायूंचे जोरदार पेटके आले होते, आणि ते बहुधा चावल्यानंतर सुमारे दहा तासांनी सुरू झाले होते. काहींचा त्रास तर काही आठवडे टिकला होता.

दहा तास! म्हणजे संध्याकाळी खाद्य घालताना कोळी चावला, थोडं दुखलं, थंड पाण्याखाली हात धरला, जेवून झोपले. आणि पहाटे पोटऱ्या, पाठ, छाती आवळून आल्याने जाग आली. तोवर कोळ्याचा विषय डोक्यातून गेलेला असतो, किंवा माणूस तो मुद्दामच बोलत नाही.

लपवलेली माहिती सर्वांत विषारी

आता अशा रुग्णाला पहाटे चार वाजता तपासणाऱ्या डॉक्टरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सशक्त तरुण आहे, अंग पेटक्यांनी वळतंय, छातीत आवळल्यासारखं वाटतंय. हातावर एक बारीकशी जखम आहे. विचारलं तर सांगतो, "काहीतरी चावलं असेल."

डॉक्टरच्या डोक्यात काय काय येईल? छाती आवळतेय, म्हणजे हृदयविकार तर नाही? अंग वळतंय आणि जखम आहे, धनुर्वात तर नाही? रक्तातलं कॅल्शियम उतरलं का? आणि आपल्या देशात सर्वांत महत्त्वाची शंका: हा मण्यार तर नाही? मण्यार रात्री चावतो, त्याची खूण बऱ्याचदा दिसतही नाही, पोटात दुखतं आणि नंतर पापण्या जड होऊन श्वास बंद पडू शकतो. पावसाळ्याच्या दिवसांत "काहीतरी चावलं" या दोन शब्दांना आम्ही डॉक्टर फार घाबरतो, आणि ते योग्यच आहे.

सर्पदंशावरचं जे इंजेक्शन आपल्याकडे मिळतं, ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावरचं आहे. कोळ्याच्या विषावर त्याचा काडीचाही उपयोग नाही, आणि टॅरँटुलाच्या चाव्यावर वेगळं प्रतिविष आपल्याकडे उपलब्धही नाही. शिवाय सर्पदंशाच्या इंजेक्शनची स्वतःची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. म्हणजे एक खरं वाक्य लपवल्यामुळे रुग्णाला नको ते उपचार मिळू शकतात, आणि त्या उपचारांचा धोका मूळ चाव्यापेक्षा मोठा असू शकतो.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरातली २००९ सालची एक नोंद वैद्यकीय साहित्यात प्रसिद्ध आहे. एक तरुण लाल, पाणावलेला डोळा घेऊन डॉक्टरांकडे आला. जंतुसंसर्ग समजून औषधं दिली, पण गुण येईना. अखेर नेत्ररुग्णालयात सूक्ष्मदर्शी भिंगातून पाहिल्यावर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुतलेले अगदी बारीक केस दिसले. ते त्याला सांगितल्यावर त्याला आठवलं, की तीन आठवड्यांपूर्वी आपल्या टॅरँटुलाची काचपेटी साफ करताना त्याने केसांचा फवारा उडवला होता. तो कोळी जमिनीवर राहणाऱ्या जातीचा होता, पण धडा सर्वांना लागू आहे. त्याने काही लपवलंही नव्हतं, तो विसरला होता इतकंच. तरीही एवढा उशीर झाला. मग जो मुद्दाम लपवतो त्याचं काय?

आणि आपल्याकडे लोक लपवतात, त्याचं कारण कायदा. पोसिलोथेरियाचा सगळा गट २०१९ साली "साइट्स" या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला. वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा हा करार आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार या करारातले जिवंत प्राणी बाळगणं, दुसऱ्याला देणं आणि त्यांचं प्रजनन करणं यासाठी सरकारकडे नोंद करावी लागते, पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. तरीही चोरटा मार्ग चालू असतोच. २०२० च्या जुलैमध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेलं एक टपालाचं पार्सल उघडलं, तर त्यात छोट्या छोट्या कुप्यांमध्ये १०७ जिवंत कोळी निघाले. ते परत पाठवण्यात आले.

अशा पार्सलातून आलेला कोळी चावला तर माणूस खरं बोलायला कचरतो, हे मी समजू शकतो. पण माझं सांगणं ऐका. तुमच्यावर उपचार करणं हे डॉक्टरचं काम, पंचनामा करणं नव्हे. मोठ्या रुग्णालयात विषबाधेची नोंद पोलीस चौकीकडे जाऊ शकते, हे खरं आहे. पण त्या भीतीपायी निदान चुकवून घेणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

चावल्यावर काय करावं?

- घाबरू नका. टॅरँटुलाच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीशीर वैद्यकीय नोंद माझ्या वाचनात नाही.
- जखम साबण आणि पाण्याने धुवा. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही.
- फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा. हात किंवा पाय फार हलवू नका.
- दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा.
- कोळ्याचा फोटो आणि त्याचं शास्त्रीय नाव बरोबर न्या. कोळी पकडून आणू नका.
- पुढचे चोवीस तास एकटे राहू नका. पेटके आले, छातीत दुखलं, दम लागला, ओठ-चेहरा सुजला, तर थेट रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पेटक्यांवर चांगली औषधं आहेत, ती देखरेखीखाली दिली जातात.
- लहान मूल, गरोदर स्त्री, हृदयरोगी किंवा दमेकरी असेल तर लक्षणांची वाट न पाहता दाखवून या.

आणि काय करू नये? ब्लेडने चिरू नका, तोंडाने विष ओढू नका, करकचून बांधू नका. २०१२ साली आसाममधल्या सादिया भागात कोळी चावल्याच्या बातम्यांनी मोठी घबराट माजली होती. दोन मृत्यूंच्याही बातम्या आल्या. पण चावलेल्यांपैकी काही जण आधी मांत्रिकाकडे गेले होते आणि तिथे त्यांच्या जखमा ब्लेडने चिरण्यात आल्या होत्या. तो कोळी कोणता, हेही तेव्हा नीट ठरलं नव्हतं. अशा वेळी कोळ्याने किती नुकसान केलं आणि ब्लेडने किती, हे कोण सांगणार?

याच संदर्भात एक उलट सूचना. आपल्याकडे अंगावर पुरळ उठलं की "कोळी मुतला" म्हणायची पद्धत आहे. त्यातल्या बऱ्याच वेळा ती नागीण असते किंवा दुसऱ्याच एखाद्या किड्याचा प्रताप असतो. शेतात, रानात किंवा जमिनीवर झोपलेलं असताना काही चावलं आणि कोळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नसेल, तर "कोळीच असेल" असं म्हणून घरी बसू नका. आधी साप समजा आणि दवाखान्यात या.

एक कोळी वेगळा, प्रजनन वेगळं

एक कोळी पाळणं आणि घरात पिल्लं काढणं यांत फार अंतर आहे. नर एक-दोन वर्षांत वयात येतो आणि त्यानंतर थोडेच महिने जगतो. मादी मात्र दहा-बारा वर्षं जगू शकते. जोडी जमवण्यासाठी नराला मादीच्या पेटीत सोडावं लागतं, आणि कधी कधी मादी त्यालाच खाऊन टाकते. सगळं जमून आलं तर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ती अंड्यांची रेशमी पिशवी विणते. एका पिशवीतून शंभराच्या आसपास पिल्लं निघू शकतात. अगदी इवलीशी, बारीक फटीतून सहज निसटणारी.

त्या शंभर तोंडांना खाद्य काय? रातकिडे आणि झुरळं. म्हणजे कोळ्यांबरोबर झुरळांचीही पैदास घरातच. झुरळांची विष्ठा आणि त्यांच्या अंगाचा भुगा हे दम्याला चाळवणारं एक ओळखीचं कारण आहे. सतत शिंका आणि रात्रीचा खोकला घेऊन येणाऱ्या मुलाच्या घरी आम्ही झुरळं आहेत का ते विचारतो. इथे तर ती मुद्दाम वाढवलेली असतात. शिवाय कीटकनाशकाने कोळीही मरतो, म्हणून कोळी पाळणारा घरात डासांची फवारणी करू देत नाही. डेंग्यूच्या मोसमात याची किंमत आजी-आजोबांनी आणि नातवंडांनी का मोजायची?

हौशी लोक यावर एक युक्तिवाद करतात: आम्ही पिंजऱ्यात पैदास करतो म्हणून जंगलातल्या कोळ्यांवरचा ताण कमी होतो. यात थोडं तथ्य आहे. पेटीत जन्मलेली पिल्लं स्वस्तात मिळू लागली की जंगलातून पकडून आणण्याचा मोह कमी होतो. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका इथे राहणारे माझे काही मराठी वाचकही अशी पिल्लं रीतसर विकत घेत असतील. पण निळ्या कोळ्याचं उदाहरण पाहा. हजारो मैलांवर त्याची संख्या वाढली म्हणून नंद्याळच्या जंगलात एक तरी जास्त झाला का? त्याचं खरं संकट म्हणजे तोडली जाणारी जुनी, ढोलीवाली झाडं. ती झाडं कोणाच्याही काचपेटीत वाढत नाहीत. २०१८ साली अमेरिकेच्या सरकारने श्रीलंकेतल्या या गटातल्या पाच जाती संकटग्रस्त म्हणून जाहीर केल्या, त्या वेळीही हौशी पैदास जोरात चालू होतीच.

माझं मत

घरात कुत्रा पाळणाऱ्याला मी कधी अडवत नाही, आणि चाव्यांचाच हिशोब मांडला तर माझ्या दवाखान्यात कुत्र्याचे चावे कितीतरी जास्त येतात, हे मी मान्य करतो. पण कुत्र्याच्या चाव्यावर काय करायचं ते गावातल्या आरोग्य केंद्रालाही माहीत असतं, लस मिळते, आणि कोणी कुत्रा लपवत नाही. पोसिलोथेरियाच्या बाबतीत यातलं एकही खरं नाही. हा कोळी तुम्हाला ओळखत नाही, त्याला हाताळलेलं आवडत नाही, आणि काचेआडून पाहण्यापलीकडे तुमचं त्याच्याशी नातं जुळत नाही. मग तो घरात असण्याने नेमकं काय मिळतं?

म्हणून सल्ला विचाराल तर, पाळू नका. मुलाला कोळ्यांचं वेड असेल तर ते वेड चांगलं आहे, ते मोडू नका. त्याला जाणकारांबरोबर पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन जंगलाच्या वाटेवर न्या, जुन्या झाडाच्या सालीकडे दुरून पाहायला शिकवा, कोळ्यांच्या नोंदी ठेवायला सांगा. पण पकडून आणायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावा.

आणि ज्यांच्याकडे तो आधीच आहे, त्यांनी निदान एवढं करावं. नोंदणीची स्थिती तपासा. पेटीला कुलूप ठेवा. हात आत न घालता लांब चिमट्याने खाद्य द्या. व्हिडिओसाठी कोळी हातावर घेणं बंद करा. पेटीवर ठळक अक्षरात शास्त्रीय नाव लिहा आणि घरातल्या किमान एका मोठ्या माणसाला सगळं सांगून ठेवा. कारण पहाटे पेटके येऊन तुम्हाला बोलता येणार नाही, तेव्हा डॉक्टरांच्या "काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर त्याच माणसाला द्यावं लागणार आहे.